वसईचा कोट आणि बळाचा हिशेब

मे १७३९ च्या दुसऱ्या आठवड्यात वसईच्या कोटाखाली मराठ्यांनी भरलेले सुरुंग पेटवले गेले. काही ठरल्या वेळी उडाले, तटाला भगदाड पडलं आणि त्या धुरळ्यातच माणसं दगडांवरून वर चढली. एक सुरुंग मात्र मागे राहिला होता. तो उडाला तेव्हा त्याच्यावर शत्रू नव्हता, आपलीच माणसं होती. वसईच्या विजयाची कथा आपण शाळेत, पोवाड्यांत आणि स्मृतिदिनाच्या भाषणांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. उशिरा उडालेल्या या सुरुंगापाशी मात्र फारसं कोणी थांबत नाही. मला तो त्या मोहिमेतला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. शौर्य पुरेपूर होतं, खणणाऱ्यांच्या हातात कसब होतं, दारूही होती. वात किती वेळात जळत जाईल, याचा भरवशाचा हिशेब तेवढा नव्हता.

बळ आणि गती यांचं शास्त्र मुळात हिशेबाचंच आहे. किती जोर लावला, किती वेळ लावला, कशावर लावला आणि त्यातून वेगात किती फरक पडला, एवढेच त्याचे प्रश्न. वसईच्या माणसाला हे प्रश्न कधीच परके नव्हते. लढाईत, समुद्रावर, बागायतीत आणि आता लोकलमध्ये तो त्यांच्याशी रोज झगडत आला आहे. पण हातांना जे कळलं ते कागदावर उतरलं नाही, आणि कागदावर जे आलं ते हातांपर्यंत पोचलं नाही. या तुटलेपणाची किंमत वसईने एकदा नव्हे, अनेकदा मोजली आहे, आणि आजही मोजते आहे.

आधी कोटाकडे पाहू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्या काही दशकांत आजचा दगडी कोट उभा राहिला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून. जुन्या किल्ल्यांचे बुरूज गोल असत. त्यांच्या अगदी पायथ्याशी शत्रू पोचला की वरून त्याच्यावर मारा करता येत नसे. तोफा आल्यावर युरोपातल्या बांधणाऱ्यांनी बुरुजांना कोन दिले, म्हणजे एका बुरुजाचा पायथा शेजारच्या बुरुजावरच्या तोफेच्या माऱ्यात येतो. वसईचे बुरूज याच पद्धतीचे आहेत. तोफेच्या गोळ्याची वाट कशी असते, हे ओळखून ती भिंत उभी केलेली आहे.

चिमाजी आप्पांची मोहीम १७३७ साली साष्टीपासून सुरू झाली. ठाणं हाती आलं, अर्नाळा आला, वसई मात्र दोन वर्षं दाद देईना. शेवटच्या महिन्यांत चिमाजी स्वतः तळ ठोकून बसले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आले, समुद्रावर मानाजी आंग्रे होते. वेढा लांबत चालला तेव्हा आप्पा म्हणाले, किल्ला येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत पाडा, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातली जिद्द खरी आहे. आणि अडचणही तिच्यात अचूक दिसते: तटापलीकडे नेमक्या जागी काही पाडायचं कसं?

तोफेने ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मराठे जमिनीखाली शिरले. सुरुंगाचं गणित वरवर सोपं दिसतं. बुरुजाखाली बोगदा न्यायचा, टोकाशी दारू ठासायची, मागचं तोंड मातीने घट्ट बुजवायचं. दारू पेटली की तयार झालेला वायू सगळीकडे सारखाच दाब देतो, पण वाट फुटते ती जिथे अडवणूक सर्वांत कमी तिथे. वरच्या दगडमातीपेक्षा बोगद्याचं बुजवलेलं तोंड कच्चं राहिलं, तर सगळा जोर मागे, खणणाऱ्यांच्या अंगावर येतो. आणि खोली दुप्पट झाली की उचलायच्या मातीचं आकारमान आठपट होतं, म्हणजे दारूही जवळपास आठपट लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस वोबाँच्या पिढीतल्या फ्रेंच अभियंत्यांनी चाचणीचे सुरुंग उडवून, खड्डे मोजून हा घनाचा नियम लिहून काढला होता. वसईच्या वाळूत खणणाऱ्या माणसाकडे हा कागद नव्हता. त्याच्याकडे होता आधीच्या वेढ्यांचा अनुभव, आणि अनुभवाला खोली बदलली की नव्याने अंदाज बांधावा लागतो. तरीही त्यांनी बुरूज फोडला. १६ मे रोजी तहाची बोलणी पक्की झाली आणि आठवड्याभरात पोर्तुगीज कोट सोडून गेले. हे यश कोणत्याही शास्त्रार्थाने लहान होत नाही.

पण कोटाच्या आतल्या बाजूलाही जरा पाहायला हवं. तिथे जेझुइटांचं महाविद्यालय होतं, त्याच्या चर्चचा दर्शनी भाग आजही उभा आहे. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ चा, म्हणजे वसई पडली तेव्हा तो ग्रंथ बावन्न वर्षांचा झाला होता. गॅलिलिओने फेकलेल्या वस्तूची वाट परवलयाची असते हे मांडलं त्याला तर शंभर वर्षं उलटली होती. तरी पोर्तुगालच्या शिक्षणव्यवस्थेवर अजून ॲरिस्टॉटलचंच राज्य होतं. वस्तू चालती राहायची तर कुणीतरी तिला सतत ढकलत राहायला हवं, हे त्या जुन्या विचाराचं सार. कोइंब्राच्या जेझुइट महाविद्यालयाच्या रेक्टरने १७४६ साली, वसई गेल्यानंतर सात वर्षांनी, देकार्त, गासेंदी आणि न्यूटन यांचे विचार शिकवायला मनाई करणारा हुकूम काढला. तेव्हा तटाच्या दोन्ही बाजूंची माणसं नव्या गतिशास्त्राच्या बाहेरच होती. एका बाजूला ते पोचलं नव्हतं, दुसऱ्या बाजूने त्याला दार लावून घेतलं होतं.

त्याच सुमारास तिसरीकडे वेगळं काही घडत होतं. १७४१ साली लंडनजवळ वूलिच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारी लष्करी शाळा निघाली. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स नावाच्या गणितज्ञाने तोफविद्येवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रयोग आपल्या प्रत्येक शाळेत सांगितला जावा असा आहे. बंदुकीची गोळी डोळ्याला दिसत नाही, मग तिचा वेग मोजायचा कसा? रॉबिन्सने तिकाटण्याला सुमारे ५६ पौंडांचा लाकूड आणि लोखंडाचा जड ठोकळा टांगला आणि त्याच्या तळाशी एक फीत लावली. गोळी ठोकळ्यात रुतली की ठोकळा झोका घेतो आणि फीत तेवढी ओढली जाते. संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, कुठे नाहीसा होत नाही. गोळीचा संवेग आता गोळी आणि ठोकळा यांना मिळून वाटला गेला. पौंडाच्या बाराव्या हिश्श्याची गोळी एवढ्या वजनात शिरली, तर सोप्या हिशेबात वेग पावणेसातशे पटींनी उतरतो. सेकंदाला सोळाशे फुटांचा वेग असा उतरून अडीच फुटांच्या घरात येतो, आणि तो फीत आणि फूटपट्टीने मोजता येतो. ज्याचा वेग पाहताच येत नव्हता, त्याचा आकडा मिळाला.

आकडा मिळाल्यावर जुनी समजूत कोसळली. गॅलिलिओच्या परवलयात हवेला जागा नव्हती. सेकंदाला ४०० मीटर वेगाने, ४५ अंशांत सुटलेला गोळा त्या हिशेबाने १६ किलोमीटर जायला हवा. त्या काळच्या तोफेचा गोळा याच्या चौथाई अंतराच्या आसपासच दम तोडायचा. रॉबिन्सच्या मोजणीत वेगवान गोळीला हवेचा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त निघाला. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये या पुस्तकाचं जर्मन भाषांतर टिपणांसह केलं. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत, तटबंद्यांचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो १७५१ साली वारला. युरोपातली सर्वांत ताजी मोजणी अशी आपल्या दाराशी येऊन उभी होती, पण कंपनीच्या पगारावर.

वसईच्या कोटाला दुसरा मोठा वेढा पडला तो १७८० मध्ये. इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने नोव्हेंबरात मोर्चे बांधले. आधी लांबून, मग पुढे सरकून तटापासून पाचेकशे यार्डांवर तोफा आणि उखळी तोफा मांडल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस मारा सुरू झाला आणि डिसेंबरचा मध्य येण्याआधी कोट पडला. वेढा उठवायला आलेले मराठी सरदार रामचंद्र गणेश त्याच डिसेंबरात वज्रेश्वरीजवळ दुगाडला पडले. जिथे १७३९ मध्ये मराठ्यांना महिनोन्‌महिने झुंजावं लागलं, तिथे हे काम मोजक्या आठवड्यांत झालं. याचं श्रेय एकट्या गणिताला देणं चुकीचं ठरेल. पेशव्यांची फौज अनेक आघाड्यांवर अडकली होती, आणि कोट राखणाऱ्यांची परिस्थितीही वेगळी होती. पेशव्यांच्या सरदार पानशांच्या तोफखान्यात कसबी गोलंदाज होते, हेही विसरता येत नाही. फरक कसबात नव्हताच. मराठी गोलंदाज गेला की त्याचा अंदाज त्याच्याबरोबर जायचा. वूलिचमध्ये चार्ल्स हटन आधीच्या सत्तरच्या दशकातच रॉबिन्सचा लंबक तोफेच्या गोळ्यांसाठी वापरून कोष्टकं तयार करत होता, आणि कोष्टक माणसाबरोबर मरत नाही.

इथे कोणी म्हणेल की मोजण्याची सवयच आपल्याकडे नव्हती. ते साफ खोटं आहे, आणि ते खोटं ठरवणारी माणसं कोटाच्या पायथ्याशीच राहतात. किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथला कोळी भरतीची वेळ सांगायला घड्याळ किंवा पुस्तक शोधत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा नियम तपासून पाहावा. चंद्र एका तिथीत सूर्यापासून बारा अंश सरकतो. तीनशे साठ अंशांना चोवीस तास, तर बारा अंशांना अठ्ठेचाळीस मिनिटं. कोळ्याने पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं धरली. तोंडी करता यावा म्हणून सोपा केलेला आणि तरी होडी घाटाला लावण्याइतका अचूक असा हा नियम आहे. तो कुणी शोधला, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण का आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी, का, याचं कारण न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त दिलं. चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला आणखी कमी. या ओढीतल्या फरकामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. सूर्यही तेच करतो, पण त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून जरा कमी. दोघे एका रेषेत आले की बेरीज, काटकोनात आले की वजाबाकी. डोल नावाचं जाळं लावणाऱ्याला ही बेरीज-वजाबाकी जाळ्याच्या ताणात कळते. डोल समुद्रात खांबांना बांधलेली असते, तिला कोणी ओढत नाही. प्रवाहच मासळी तिच्या तोंडात आणतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर जाळ्यावरची ओढ साधारण चौपट होते. म्हणूनच उधाणाच्या दिवसांत दोर आणि खांब यांची परीक्षा होते, आणि भांगाला डोल सुस्त पडते. वसईच्या वाड्यांमध्ये केळी-पानवेलींना पाणी देणारा रहाट हेही असंच लाकडी गतिशास्त्र. बैल आडव्या वर्तुळात फिरतो, दात्यांच्या चाकांतून ती गती उभी होते आणि विहिरीतलं पाणी गाडग्यांमधून वर चढतं. चाकाला किती दाते ठेवायचे, हे सुताराला ठाऊक असे. यातलं काहीही शाळेच्या फळ्यावर आलं नाही, कारण फळ्यापर्यंत पोचणारी माणसं वेगळी होती आणि जाळं ओढणारी वेगळी. जातीच्या भिंतीने ज्ञानाचं जे नुकसान केलं, त्याचा हिशेब महाराष्ट्राने अजून पुरता मांडलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठीत हे शास्त्र आलं ते मोठ्या उमेदीने आलं. हरि केशवजींनी इंग्रजी शास्त्रग्रंथांची मराठी रूपं केली. बाळशास्त्री जांभेकरांनी एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलं आणि शून्यलब्धीवर, म्हणजे कलनशास्त्रावर, मराठीतून लिहिलं. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पदार्थविज्ञानावर पुस्तक रचलं, ग्रहांची कोष्टकं तयार केली. टिळक त्यांचे विद्यार्थी. या माणसांनी परिभाषा घडवली. बल, संवेग, जडत्व असले शब्द आज नववीतला मुलगा सहज वापरतो, ती या परंपरेची कमाई आहे. पण त्याच काळात शाळा परीक्षेला जुंपली गेली आणि मोजणं मागे पडून पाठांतर पुढे आलं.

वसईच्या दारात मात्र याच वेळी गतीचं सर्वांत मोठं यंत्र येऊन उभं राहिलं. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली उपनगरी गाडी गेली. १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत आली. आज या पट्ट्यातली लाखो माणसं रोज न्यूटनच्या तिन्ही नियमांच्या ताब्यात दीड-दोन तास घालवतात. गाडी सुटताना उभा माणूस मागे झुकतो, ब्रेक लागला की पुढे कलंडतो. त्याला कोणी ढकललेलं नसतं, पाय गाडीबरोबर गेले आणि धड होतं तिथेच राहू पाहत होतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. तो पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवलेला मुलगा अकरावीला गेला की त्याच गाडीच्या दारात लटकतो.

त्याला हे कुणी आकड्यांत सांगितलेलं नसतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. या वेगाने दारातून निसटलेलं शरीर गाडीचाच वेग घेऊन खडीवर येतं. त्या वेगातली ऊर्जा म्हणजे १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडल्यावर जेवढी होईल तेवढी. वेग ९० झाला तर ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. फलाटावर ‘दारात लटकू नका’ ही सूचना हजार वेळा ऐकवून जे होत नाही, ते हा हिशेब मुलाने स्वतःच्या हाताने एकदा केल्यावर कदाचित होईल. गर्दीच माणसाला दारात ढकलते, आणि गाड्या वाढल्याशिवाय, दारं बंद होणारी झाल्याशिवाय ते थांबणार नाही, हे मान्यच आहे. पण ती मागणीदेखील आकडे हाती असलेला नागरिक जास्त जोरात करू शकतो.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. रविवारी सकाळी गाडी मोकळी असते. तीस सेंटिमीटरच्या दोऱ्याला किल्ली बांधून ती हातात धरावी, शेजारी पट्टी आडवी धरायला मित्र असावा. गाडी सुटताना किल्ली दीड सेंटिमीटर मागे सरकली, तर गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढतो आहे. गुणोत्तर मांडायचं: दीड भागिले तीस, गुणिले ९.८. एवढ्यात मुलाने एका अजस्र गाडीचा प्रवेग मोजलेला असतो. ब्रेकच्या वेळी किल्ली पुढे किती जाते, तेही टिपावं. वसई रोड ते नालासोपारा यांच्यामध्ये वेगाचा आलेख काढता येतो, आणि त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ दोन स्थानकांमधल्या अंतराशी जुळतं का, हे पडताळता येतं. रॉबिन्सच्या ठोकळ्यामागची बुद्धी यात पूर्णपणे आहे.

वसई-विरार महानगरपालिका २००९ ची, पालघर जिल्हा २०१४ चा. दोन्ही नवे आहेत. इथे मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचं स्थानकही येऊ घातलं आहे. ताशी ३२० किलोमीटरच्या त्या गाडीतल्या प्रत्येक किलोमागे ताशी १०० च्या लोकलपेक्षा दसपट ऊर्जा असेल. ती गाडी चालवणारी, दुरुस्त करणारी, तिची सुरक्षितता तपासणारी माणसं कुठून यायची? ती अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या शाळांमधून यावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी कोटाला फक्त सहलीला नेणं पुरेसं नाही. मुलांनी बुरुजाचे कोन मोजावेत, तोफेच्या माऱ्यात कुठली जागा येते आणि कुठली सुटते ते नकाशावर आखावं. पुरातत्त्व खात्याने त्याला आडकाठी करण्याचं कारण नाही, कारण यात दगडाला हातही लागत नाही.

आणि कोळीवाड्यातल्या जाणत्यांना शाळेत बोलवावं, पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून. तिथीच्या पाऊणपटीचा नियम त्यांनी फळ्यावर मांडावा. मग वर्गाने एक पूर्ण चांद्रमास रोज भरतीची वेळ नोंदवावी, एका रकान्यात नियमाने आलेली, दुसऱ्यात छापील कोष्टकातली, तिसऱ्यात जेटीवर प्रत्यक्ष पाहिलेली. तिन्हींमध्ये कुठल्या तिथीला किती मिनिटांचा फरक पडतो आणि का पडतो, हे शोधण्यात नववीचा एक चांगला महिना जाईल. शाळा जूनमध्ये उघडतात. ज्येष्ठाच्या अमावास्येपासून वही सुरू करता येईल.